लोकशाही आतून पोखरली जाते तेव्हा मतदाराला ते दिसत नाही, की दिसूनही तो मत देतो?

नदीकाठ (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाला तुलनात्मक राजकारण शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, आणि तो प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. रस्त्यावर रणगाडे आले आणि आकाशवाणीवरून लष्करी अधिकारी बोलू लागला, की लोकशाही संपली हे कोणालाही कळते. परंतु रीतसर निवडून आलेले सरकार आज न्यायाधीशांच्या नेमणुकीचा कायदा बदलते, उद्या सरकारी दूरचित्रवाणीचे संचालक बदलते आणि परवा मतदारसंघांच्या सीमा बदलते. प्रत्येक पाऊल संसदेत बहुमताने मंजूर झालेले असते, आणि पुढच्या निवडणुकीत तेच सरकार पुन्हा निवडून येते. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा होता, की या लोकांना हे दिसत नाही, की दिसूनही ते मत देतात?

पाठ्यपुस्तकातली उत्तरे मी वर्गात सांगितली. एक म्हणजे अज्ञान, दुसरे म्हणजे ध्रुवीकरण. येल विद्यापीठाच्या मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक यांचा २०२० मधला अमेरिकी मतदारांवरचा अभ्यासही सांगितला. त्याचा निष्कर्ष असा, की लोकशाहीचे नियम मोडणाऱ्या आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला मतपेटीतून शिक्षा करणारे मतदार शंभरात तीन-चारच निघतात, आणि तेही तोंडाने लोकशाहीचा जयघोष करणाऱ्या समाजात. एवढे सांगूनही तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. अभ्यासातला मतदार कागदावरच्या दोन काल्पनिक उमेदवारांमधून निवड करतो. घरातले माणूस असे निवडत नाही.

पोलंड, हंगेरी आणि जर्मनीत राहणारे किंवा राहून आलेले काही जण या मंचावर आहेत, म्हणून मुद्दाम येथे विचारते आहे. मतदार शिक्षा करतो ती केव्हा, आणि मुळात ती करणारा मतदार कोण असतो? शिवाय जहाल पक्षाला मत देणाऱ्या माणसाला लोकशाहीच नको असते, की त्याला दुसरेच काही हवे असते? एक विनंती आहे. आपल्याकडच्या आजच्या पक्षांवर चर्चा वळवू नये. तसे झाले की तिसऱ्या प्रतिसादानंतर मूळ प्रश्न कोणाच्याही लक्षात राहत नाही, हा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे.

---

व्रोत्सवाफचा पाहुणा

नदीकाठ, मी २०१६ पासून नोकरीनिमित्त पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात राहतो. मला येथे मताधिकार नाही, त्यामुळे जे लिहितो ते शेजाऱ्याच्या नजरेने पाहिलेले आहे असे समजावे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘कायदा आणि न्याय’ पक्ष, ज्याला येथे सगळे ‘पिस’ म्हणतात, २०१५ मध्ये ३७.६ टक्के मतांवर सत्तेत आला. कनिष्ठ सभागृहातल्या ४६० पैकी २३५ जागा त्याला मिळाल्या, कारण डाव्यांनी आघाडी करून निवडणूक लढवली होती, संसदेत जागा मिळण्यासाठी आघाडीला किमान ८ टक्के मतांची अट होती आणि ती थोडक्यात हुकली. आणखीही काही छोटे पक्ष उंबरठ्यावर अडखळले आणि त्या सर्वांची मते वाया गेली. तेव्हा निम्म्याच मतदारांनी मतदान केले होते. म्हणजे प्रौढ पोलिश नागरिकांपैकी पाचातल्या एकानेच त्या पक्षाला मत दिले होते. ‘जनतेने लोकशाहीविरोधी सरकार निवडले’ हे वाक्य ऐकले की मला हा हिशेब आठवतो.

पुढे जे घडले ते सर्वांना माहीत आहे. आधीच्या सभागृहाने निवडलेल्या घटनापीठाच्या (कायदे घटनेला धरून आहेत का हे ठरवणाऱ्या न्यायालयाच्या) न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष आंद्झेय दुदा यांनी शपथ दिली नाही, आणि नव्या सभागृहाने निवडलेल्यांना डिसेंबर २०१५ मध्ये मध्यरात्रीनंतर शपथ दिली. घटनापीठाचा निकाल राजपत्रात छापण्यासही सरकारने नकार दिला. वकील, प्राध्यापक आणि शहरातली सुशिक्षित मंडळी रस्त्यावर आली. परंतु माझ्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजी कधी आल्या नाहीत.

या आजींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांच्यापाशी आहे. त्या शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. नव्वदच्या दशकात तो बंद पडला. त्यांची मुलगी दोन मुलांना घेऊन लहानशा गावात राहते. एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे दरमहा ५०० झ्लॉटी सरकारकडून मिळू लागले आणि २०१९ मध्ये ते पहिल्या मुलालाही लागू झाले. आधीच्या सरकारने निवृत्तीचे वय ६७ पर्यंत वाढवत नेण्याचे ठरवले होते. पिसने ते २०१७ मध्ये पुन्हा स्त्रियांसाठी ६० आणि पुरुषांसाठी ६५ केले. आजी मला म्हणाल्या होत्या, की कारखाना विकला गेला तेव्हाही देशात न्यायालये होतीच, आणि त्यातले एकही आमच्यासाठी उभे राहिले नाही. त्यांना काय चालले आहे हे दिसत होते. न्यायाधीशांबद्दल त्या रोज दूरचित्रवाणीवर ऐकत होत्या, जरी ती सरकारच्या ताब्यातली असली तरी. पण जी संस्था त्यांच्या आयुष्यात कधी उपयोगी पडली नव्हती, तिच्यासाठी नातवंडांच्या बुटांचे पैसे सोडून देणे त्यांना पटत नव्हते. याला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मग २०२३ मध्ये काय बदलले? माझ्या मते बदलाची सुरुवात २२ ऑक्टोबर २०२० रोजी झाली. त्या दिवशी त्याच घटनापीठाने गर्भात गंभीर व्यंग असल्यास गर्भपाताला असलेली परवानगी घटनाबाह्य ठरवली. पाच वर्षे ‘घटनापीठ’ हा वर्तमानपत्रातला शब्द होता; त्या संध्याकाळपासून तो विशीतल्या मुलींच्या शरीराचा प्रश्न झाला. माझ्या कार्यालयात राजकारणावर एक शब्दही न बोलणाऱ्या मुली त्या आठवड्यात हाताने रंगवलेले पुठ्ठ्याचे फलक घेऊन चौकात उभ्या होत्या.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मतदान झाले. आमच्या शहराच्या दक्षिणेला यागोद्नो नावाची नव्या इमारतींची वसाहत आहे आणि माझा एक सहकारी तेथे पत्नीसह राहतो. मतदान रात्री ९ वाजता संपणार होते, परंतु त्या वेळी रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देण्याचा हक्क असतो. तो रात्री अकराला मला फोनवर म्हणाला, की अजून शेकडो लोक पुढे आहेत. मी गरम चहाचे दोन थर्मास घेऊन गेलो. थंडी चांगलीच होती. लोकांनी घरातून घोंगड्या आणल्या होत्या, कोणी रांगेतल्या अनोळखी माणसांसाठी पिझ्झा मागवला होता, आणि वॉर्सामधली मतमोजणीपूर्व भाकिते एव्हाना प्रत्येकाच्या फोनवर आलेली असूनही रांग सोडून कोणी जात नव्हते. शेवटचे मत पडले तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. त्याच दिवशी सरकारने चार प्रश्नांवर सार्वमतही ठेवले होते. रांगेतले बरेच जण टेबलापाशी पोहोचल्यावर ‘सार्वमताची पत्रिका मला नको’ असे स्पष्ट सांगून ती नाकारत होते. देशभरात एवढ्या जणांनी ती नाकारली, की सार्वमताला बंधनकारक होण्यापुरते निम्मे मतदान मिळालेच नाही.

आता जी आकडेवारी मला सर्वांत बोलकी वाटते ती पाहा. २०१९ मध्ये पिसला सुमारे ८० लाख मते होती, २०२३ मध्ये सुमारे ७६ लाख. म्हणजे त्यांचा मतदार जवळजवळ जागचा हललाच नाही. परंतु मतदानाचे प्रमाण ६१.७ टक्क्यांवरून ७४.४ टक्क्यांवर गेले, जे १९८९ च्या ऐतिहासिक निवडणुकीतही गाठले गेले नव्हते, आणि ही वाढ मुख्यतः विरोधी पक्षांच्या पदरात पडली. तिशीच्या आतल्यांचे मतदान तर २०१९ च्या जवळपास दीडपट झाले. पिस ३५.४ टक्क्यांसह तरीही पहिल्या क्रमांकाचा पक्ष राहिला, परंतु त्याचे बहुमत गेले आणि विरोधी पक्षांच्या आघाडीने सरकार बनवले. तेव्हा शिक्षा कोणी केली, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: सत्ताधारी पक्षाच्या मतदाराने नव्हे, तर कालपर्यंत घरी बसलेल्याने.

---

मुळामुठा

पाहुण्यांचा प्रतिसाद मनापासून आवडला, परंतु शेवटच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी पुण्यात वकिली करतो आणि शिक्षणासाठी बुडापेस्टमध्ये दोन वर्षे राहिलो आहे. हंगेरीत २०२२ च्या निवडणुकीतही मतदान ७० टक्क्यांच्या आसपास झाले होते. तरीही व्हिक्टर ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाला ५४ टक्के मते आणि १९९ पैकी १३५ जागा मिळाल्या. लोक घराबाहेर पडले की लोकशाही वाचते, असे म्हणता येणार नाही. (मी येथे २०२२ पर्यंतच्याच कालखंडाबद्दल लिहितो आहे.)

फरक मला कायद्याच्या क्रमात दिसतो. पिसकडे घटना बदलण्याइतके बहुमत कधीच नव्हते. फिदेसला २०१० मध्ये ५२.७ टक्के मते मिळाली आणि जुन्या निवडणूक पद्धतीने त्यांचे रूपांतर ३८६ पैकी २६३ जागांत झाले, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक. एका वर्षात नवी राज्यघटना मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली. सभागृह १९९ जागांचे झाले, मतदारसंघ नव्याने आखले गेले, दुसरी फेरी रद्द झाली आणि जिंकणाऱ्या उमेदवाराची ‘गरजेपेक्षा जास्तीची’ मतेही पक्षाच्या यादीत जमा होऊ लागली. परिणाम २०१४ मध्ये लगेच दिसला. फिदेसची मते ४५ टक्क्यांपर्यंत घसरली आणि जागा तरीही १३३, म्हणजे दोन तृतीयांशच राहिल्या. त्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांनी फिदेसला मत दिले नव्हते. त्यांनी प्रतिसाद दिला होता. तो मोजण्याची पट्टीच बदललेली होती.

विरोधकांनी यावर शोधलेला उपाय तर्काने अगदी बरोबर होता. दुसरी फेरी नाही, म्हणजे प्रत्येक मतदारसंघात एकच उमेदवार हवा. म्हणून २०२१ च्या शरद ऋतूत सहा पक्षांनी मिळून प्राथमिक निवडणूक घेतली आणि होद्मेझोवाशारहेयचे महापौर पेटर मार्की-झाय यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून निवडले. समाजवादी, हरित, उदारमतवादी आणि एके काळचा अतिजहाल योब्बिक हे सगळे एका यादीत आले. २०१८ मध्ये वेगवेगळे लढून या पक्षांना मिळालेली मते एकत्र केली तर ती ४५ टक्क्यांच्या वर जातात. एकत्र लढल्यावर ती ३४ टक्के भरली.

ही अकरा-बारा टक्के माणसे कोठे गेली, हा माझ्या दृष्टीने तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा गाभा आहे. योब्बिकच्या २०१८ मधल्या मतदाराने ‘लोकशाही वाचवण्यासाठी’ पूर्वीच्या समाजवाद्यांच्या शेजारी उभे राहण्यास नकार दिला. त्यातले अनेक जण फिदेसकडे गेले आणि काही योब्बिकमधून फुटलेल्या ‘मी हझांक’ या आणखी जहाल पक्षाकडे. तो पक्ष जवळपास ६ टक्के मते घेऊन संसदेत पोहोचला. नेत्यांची बेरीज होते, मतदारांची होत नाही. राजकारणात वावरणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे होते, आणि मीही त्या वेळी आघाडीचे स्वागत करणाऱ्यांत होतो हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यात माध्यमांची स्थिती अशी, की २०१८ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे त्यांच्या मालकांनी एकाच सरकारधार्जिण्या प्रतिष्ठानाला देऊन टाकली होती, आणि संपूर्ण प्रचारकाळात मार्की-झाय यांना सरकारी वाहिनीवर पाच मिनिटे मिळाली. ग्रामीण भागात जेथे तीच वाहिनी लागते, तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनयुद्ध सुरू झाल्यावर ‘विरोधक आले तर तुमची मुले युद्धावर जातील’ एवढे एकच वाक्य पोहोचले. अशा मतदाराला ‘दिसत होते का’ हा प्रश्न विचारण्याआधी त्याला दाखवले काय जात होते हे पाहावे लागेल.

---

नदीकाठ

दोघांचेही आभार. पाहुणे म्हणतात की शिक्षा करणारा मतदार नवा असतो, मुळामुठा म्हणतात की नियमच बदलले असतील तर जुना असो वा नवा, त्याच्या हातात फार काही उरत नाही. मला वाटते दोन्ही खरे आहे, परंतु एक गोष्ट अजून सुटत नाही. पोलंडमध्ये गर्भपाताचा निकाल आला नसता तर काय झाले असते? म्हणजे लोकशाहीच्या ऱ्हासाविरुद्ध म्हणून कोणी मत देतच नाही का? तो ऱ्हास अंगावर येईल तेव्हाच देतो का? आपल्याकडे १९७७ बद्दल आपण अभिमानाने सांगतो, की अडाणी समजल्या गेलेल्या मतदाराने हुकूमशाही उलथवली. ते तरी कितपत खरे मानावे? येथे कोणी त्या काळात मतदान केलेले असेल तर कृपया लिहावे.

---

कोयनाकाठ

ताई, मी त्या वेळी २५ वर्षांचा प्राथमिक शिक्षक होतो आणि १९७७ मध्ये कऱ्हाड तालुक्यात मतदान केले आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. आणीबाणी लागून सहा महिने झाले होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, जे इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते, आणि अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला आणि तुरुंगात आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी उभे राहून प्रार्थना करण्याचे आवाहन केले. मी मांडवात बराच मागे होतो. उभा राहताना माझे पाय थरथरत होते, कारण सरकारी नोकरी होती आणि शेजारी कोण बसले आहे हे माहीत नव्हते. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली, हे आपण जाणताच.

आता पुढचा भाग, जो आमच्याकडे कोणी फारसा सांगत नाही. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा शेजारच्या सातारा मतदारसंघातून यशवंतराव मोठ्या मताधिक्याने निवडून आले आणि आमच्या कऱ्हाडमधूनही काँग्रेसच निवडून आली. मांडवात माझ्याबरोबर उभ्या राहिलेल्यांपैकी किती जणांनी काँग्रेसला मत दिले असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या. मुंबईतल्या सहाही जागा विरोधकांनी जिंकल्या, पु. ल. देशपांडे यांच्यासारखा माणूस जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलत होता. उत्तर प्रदेशात ८५ पैकी आणि बिहारमध्ये ५४ पैकी काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. आणि त्याच आठवड्यात आंध्रात ४२ पैकी ४१, कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसलाच मिळाल्या. घटना तीच, ४२ वी घटनादुरुस्ती तीच, वृत्तपत्रांवरची बंधने तीच. एक लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी आत होती, तीही सगळ्या देशातली.

वेगळे काय होते, तर नसबंदी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि बळजबरीचा सर्वांत मोठा भार उत्तरेकडे होता. हरियाणातल्या उटावड गावाला पोलिसांनी पहाटे वेढा घालून पुरुषांना उचलून नेले. आपल्याकडेही महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये मंजूर केले होते, मात्र त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते कायदा झाले नाही. आम्हा शिक्षकांना ‘केस’ आणण्याचे उद्दिष्ट दिलेले असे. मी माझ्याच वाडीतल्या एका शेतमजुराला, तीन मुली झालेल्या माणसाला, समजावून घेऊन गेलो होतो. समजावून म्हणतो, परंतु त्याच्या रेशनकार्डाचे काम माझ्या ओळखीवर अडले होते हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. ती गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. १९७७ मध्ये त्या माणसाने कोणाला मत दिले हे मी कधी विचारले नाही, मात्र मतदानाच्या रांगेत त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

तेव्हा ताई, तुमचा संशय बराचसा खरा आहे. घर, शरीर, झोपडे यांवर घाला आला तेथे मतदार पेटून उठला. जेथे आला नाही तेथे बहुतेकांनी नेहमीप्रमाणे मत दिले. परंतु माझे एवढेच म्हणणे नाही. ज्याच्यावर घाला आला त्याला दाद मागायला जागा उरली नव्हती. न्यायालय नाही, वर्तमानपत्र नाही, विरोधी आमदार तुरुंगात. उटावडच्या माणसाला ‘मूलभूत हक्क स्थगित’ म्हणजे काय हे त्या वेढ्याच्या पहाटे कळले. त्याने मत दिले ते नसबंदीविरुद्ध की लोकशाहीसाठी, असे दोन कप्पे करता येतात असे मला वाटत नाही.

अडीच-तीन वर्षांनी, १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिराबाईंना ३५३ जागा देऊन परत आणले, हेही खरे. परंतु मधल्या काळात १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली होती. ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या कारणावर आणीबाणी लावण्याची तरतूद गेली, त्या जागी ‘सशस्त्र बंड’ आले, आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक झाला. मतदाराचा राग तीन वर्षांत ओसरला. ती दुरुस्ती आजही आहे.

---

येनाकर

गुरुजी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. तुम्ही हे लिहिलेत याबद्दल आभार मानणेही अपुरे वाटते.

मी जर्मनीतल्या ट्युरिंगेन राज्यात, येना शहरात संशोधनासाठी राहते. नदीकाठ यांनी जहाल पक्षांच्या मतदाराबद्दल विचारले होते, त्यावर अजून कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. येथे ‘एएफडी’ (जर्मनीसाठी पर्याय) हा उजवा पक्ष २०१३ मध्ये युरो चलनाच्या विरोधातून निघाला आणि आता त्याची ट्युरिंगेन शाखा त्याच्या सर्वांत जहाल शाखांपैकी एक मानली जाते. इतर पक्षांनी त्याच्याशी कोणतेही सहकार्य नाकारले आहे, ज्याला येथे ‘अग्निरोधक भिंत’ म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये एअरफुर्टच्या विधानसभेत एका छोट्या उदारमतवादी पक्षाचा उमेदवार एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री निवडून आला, तेव्हा अभिनंदनासाठी आणलेला पुष्पगुच्छ डाव्या पक्षाच्या नेत्या सुझान हेनिग-वेल्झोव्ह यांनी त्याच्या पायाशी टाकला. देशभर एवढा संताप उसळला, की काही दिवसांत त्याला पद सोडावे लागले.

भिंत टिकली. परंतु मतदार काय करत होता? या राज्यात एएफडीला २०१९ मध्ये २३.४ टक्के आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ३२.८ टक्के मते मिळाली. आता ८८ पैकी ३२ जागा म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक बळ त्यांच्याकडे आहे, आणि घटना न्यायालयाच्या न्यायाधीशांची निवड दोन तृतीयांशांनी होत असल्यामुळे सत्तेत न येताही ते ती अडवू शकतात. पाहुण्यांनी घरी बसणाऱ्या मतदाराबद्दल जे लिहिले त्याची दुसरी बाजू मला येथे दिसली. फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत मतदान ८२.५ टक्के झाले, एकीकरणानंतरचे सर्वाधिक, आणि पूर्वी मतदान न करणाऱ्यांचा सर्वांत मोठा ओघ एएफडीकडेच गेला. पक्षाची मते दुप्पट होऊन २०.८ टक्के झाली. निवडणुकीच्या थोडे आधी संसदेत एक ठराव एएफडीच्या मतांवर मंजूर झाला होता; भिंतीला गेलेल्या या तड्याच्या रागातून त्याच निवडणुकीत तरुण मतदार डाव्या पक्षाकडेही मोठ्या संख्येने वळले. एकाच घटनेने दोन्ही टोकांची माणसे घराबाहेर आली.

माझ्या प्रयोगशाळेत उपकरणांची देखभाल करणारे एक गृहस्थ उघडपणे एएफडीला मत देतात. पूर्व जर्मनीत वाढलेले, साठीकडे झुकलेले. त्यांना लोकशाही नको असे ते कधी म्हणत नाहीत; उलट आपल्या मताला कोणी सत्तेत भागीदारच होऊ देत नाही, ही लोकशाही कसली, असे त्यांचे म्हणणे असते. मी परदेशी आहे आणि त्यांच्या पक्षाची माझ्यासारख्यांबद्दलची भाषा मला भीतिदायक वाटते, हे मी त्यांना सांगितले आहे. ‘तुमच्याबद्दल नाही,’ असे त्यांनी उत्तर दिले. ते मनापासून म्हणाले होते. मत देताना मात्र त्यांनी माझा विचार केलेला नव्हता, आणि तुमच्या विद्यार्थिनीला मी हेच सांगेन: नियम मोडले जातात तेव्हा ते आपल्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत, या खात्रीवर बरीच मते पडतात.

---

व्रोत्सवाफचा पाहुणा

मुळामुठा यांचा आक्षेप मला मान्य आहे. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी २०२३ वर थांबलो, ते अपुरे होते, म्हणून पुढचे लिहितो.

नव्या सरकारने न्यायव्यवस्थेच्या दुरुस्तीची विधेयके आणली, पण राष्ट्राध्यक्ष दुदा पिसच्याच बाजूचे होते आणि त्यांच्या सहीविना ती अडकली. नकाराधिकार ओलांडण्यासाठी तीन पंचमांश मते लागतात, ती आघाडीकडे नव्हती. गर्भपाताला साहाय्य करणे हा गुन्हा राहू नये, या विधेयकाला तर जुलै २०२४ मध्ये आघाडीतल्याच काहींनी साथ दिली नाही आणि ते २१८ विरुद्ध २१५ मतांनी पडले. ज्या प्रश्नावर मुली रस्त्यावर आल्या होत्या, तो कायदा जसाच्या तसा राहिला. मग मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी झाली. अतिउजव्या ‘कॉन्फेडरेशन’ पक्षाचे स्वावोमिर मेंत्सेन यांना १४.८ टक्के आणि ग्झेगोश ब्राउन यांना ६.३ टक्के मते मिळाली. हे ब्राउन म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या आवारात ज्यूंच्या सणाचे दिवे अग्निशामक नळकांड्याने विझवणारे गृहस्थ. तिशीच्या आतल्या मतदारांत पहिल्या क्रमांकावर मेंत्सेन होते. १ जूनच्या दुसऱ्या फेरीत पिसचा पाठिंबा असलेले करोल नाव्रोत्स्की ५०.८९ टक्के मते घेऊन निवडून आले.

तळमजल्यावरच्या आजींनी नाव्रोत्स्कींना मत दिले, यात मला आश्चर्य वाटले नाही. यागोद्नोच्या ज्या सहकाऱ्याला मी चहा घेऊन गेलो होतो, त्याने पहिल्या फेरीत मेंत्सेनला मत दिले होते. त्याने स्वतःच सांगितले तेव्हा मी क्षणभर गप्प झालो. कारण विचारले तर म्हणाला, की पहाटे पावणेतीनपर्यंत रांगेत उभे राहून आम्ही दोघांनी जे मागितले, त्यातले काय मिळाले ते मला एक-एक करून दाखव; घराचा हप्ता वाढला आहे, बायकोला आजही त्याच कायद्याची भीती आहे. मी त्याला राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार, तीन पंचमांशांची अट आणि आघाडीतल्या फुटलेल्या मतांबद्दल समजावून सांगू लागलो. त्याने मला मध्येच थांबवले. त्याला ते सगळे माहीत होते.